देखणं आणि देखरेख : परसातल्या ॲक्वापॉनिक्सच्या रूपाविषयी

सौंदर्यविचार म्हटला की आपण देवळं, चित्रं, कविता यांच्याकडे वळतो. आज आम्ही तुम्हाला घरामागच्या परसात नेणार आहोत. विषय साधा आहे : परसात मांडलेलं ॲक्वापॉनिक्स देखणं कसं करावं? जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं प्लास्टिकच्या टाक्यांवर काय बोलावं, असं कुणाला वाटेल. पण सुंदर आणि उपयोगी यांचं जुनं भांडण या टाक्यांपाशी फार स्वच्छ दिसतं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. खाली टाकीत मासे, वर वाफ्यात मातीऐवजी खडी, आणि खडीत पालक, सांभार, पुदिना. माशांच्या उत्सर्गातून पाण्यात अमोनिया येतो. खडीला चिकटून राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट हे झाडांचं खाद्य. झाडं ते घेतात आणि निवळलेलं पाणी पुन्हा टाकीत पडतं. एक छोटा पंप हे चक्र फिरवत ठेवतो. तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरलं जातं, म्हणून आपल्या अमरावती-अकोल्याकडे याचं मोल जास्त.

आता याचं रूप बघा. निळे ड्रम, लोखंडी पिंजऱ्यातली १००० लिटरची पांढरी टाकी, पीव्हीसीचे पाइप, लोंबत्या वायरी. शेजारी विचारणारच, ‘काहून जी सर, भंगाराचं दुकान टाकलं काय?’ यात हसण्यासारखं आहे, तसंच काळजीचंही आहे. डोळ्यांना खुपणारी वस्तू आपण हळूहळू भिंतीआड सारतो. तिथे मग कुणी फिरकत नाही. मेमधल्या एखाद्या रात्री वीज जाते, पंप थांबतो, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि सकाळी मासे उलटे तरंगत असतात. मराठीनं ‘देखणं’ आणि ‘देखरेख’ हे दोन्ही शब्द एकाच ‘देख’मधून घडवले आहेत. जे पाहावंसं वाटतं त्याचीच निगा राहते. म्हणून परसाचं रूप सुधारणं ही नुसती हौस नव्हे. त्यावर माशांचा जीव अवलंबून आहे.

पण कसलं रूप? प्लेटोच्या ‘हिप्पियस मेजर’ या संवादात एक मजेदार प्रश्न येतो. मडक्यात कडधान्याचं कालवण शिजतं आहे. ते ढवळायला सोन्याची पळी सुंदर, की अंजिराच्या लाकडाची? लाकडाच्या पळीनं कालवणाला वास चांगला येतो आणि मडकंही फुटत नाही. म्हणजे इथे लाकूड सोन्याहून सरस ठरलं! सौंदर्य म्हणजे काय याचं पक्कं उत्तर त्या संवादाच्या शेवटीही मिळत नाही. तरीही पळीची ही कसोटी आपल्या परसात नेमकी लागू पडते.

सोन्याच्या पळ्या कोणत्या ते पाहू. पहिली, संगमरवराची पांढरीशुभ्र खडी. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यात हळूहळू विरघळतं आणि सामू वर जातो. आपलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी आधीच जड. सामू चढला की झाडांना लोह घेता येत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात. दुसरी, तांब्याचं गोमुख. दिसायला फार सुरेख, पण पाण्यात उतरणारं तांबं माशांना विषारी. तिसरी, उन्हात ठेवलेली पारदर्शक टाकी. उजेड मिळाला की चार दिवसांत शेवाळ धरतं.

आणि लाकडाची पळी? ती आपल्या पायाखालीच आहे. वऱ्हाड उभं आहे ते काळ्या पाषाणावर. त्याचीच धुतलेली बारीक गिट्टी वापरावी. तिच्यात चुन्याचे खडे मिसळलेले नाहीत ना, हे पाहायला थोडं व्हिनेगर टाकावं. फेस आला तर ती गिट्टी नको. वाफ्यातला वरचा दोन इंचांचा थर कोरडा राहील अशी पाण्याची पातळी ठेवावी. शेवाळ धरत नाही, आणि काळ्या दगडावर हिरवा पाला असा खुलून दिसतो की वेगळी सजावट लागत नाही.

ड्रम घेताना त्यात पूर्वी काय भरलं होतं ते विचारून घ्यावं. रंग बाहेरूनच द्यावा : आधी काळा, म्हणजे आत उजेड जात नाही, त्यावर फिका, म्हणजे टाकी तापत नाही. भोवती बांबूच्या तट्ट्या लावल्या की ड्रम दिसेनासा होतो. आपल्या मेळघाटात बांबूचं काम उत्तम होतं. फक्त किडीसाठी औषध लावलेला बांबू पाण्याला लागू देऊ नये.

सगळ्यात मोठा दागिना म्हणजे सावली. अकोल्याचा पारा मेमध्ये ४५ अंशांवर जातो. पाणी २० अंशांवर असताना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, ३० अंशांवर साडेसातच. अंजनगाव सुर्जीचे पानमळे आठवा. पांगरा, शेवरी, शेवगा यांच्या सावलीत पानवेल चढवायची, ही विद्या आपल्याकडे जुनीच आहे. तोच धडा इथे घ्यावा. टाकीवर मांडव घालून दोडका, कारलं चढवावं. मुळं जमिनीत, वेल मांडवावर.

सावलीचा आणखी एक गुण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. वरून तसलंच पाणी भरत गेलं की ते साचतात. काठावर दिसणारी पांढरी खपली ही त्याची खूण. ती नुसती पुसून भागत नाही. टाकीला झाकण, वर सावली आणि भर घालायला साठवलेलं पावसाचं पाणी, हा तिच्यावरचा उपाय.

आता झाकायचं काय आणि उघडं ठेवायचं काय? वायरी आणि पाइप झाकावेत, पण हात पोचेल असे. झाकणाला एका बाजूनं जाळीची खिडकी ठेवावी : मासे दिसतात आणि बगळ्याची चोचही पोचत नाही. परतणारं पाणी वीतभर उंचीवरून पडू द्यावं. पडताना त्यात हवा मिसळते, आणि त्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो. तो थांबला की भाकरी थापणारी बाई खिडकीतून विचारते, ‘पंप बंद पडला काय जी?’ हजाराचा अलार्म याहून जास्त काय करणार?

शेवटी मांडवाखाली एक बाज टाका. संध्याकाळी कुणी तिथे बसलं तर मासे कितीदा वर येऊन तोंड उघडतात, कोणतं पान पिवळं पडतंय, हे न सांगता दिसतं. आमच्या मते परस देखणं झालं की नाही याची हीच परीक्षा : तिथे बसावंसं वाटतं का? इथे आम्ही थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.