द्वंद्व बसलं समासात, बिनजोड पळाली मैदानात

मुरबाडच्या एसटी स्टँडवर 'इथं द्वंद्वयुद्ध कुठं असतं हो?' असं विचारून बघा. पाहुणा पौराणिक नाटकाचा प्रयोग शोधतोय, अशी समजूत होईल. 'बिनजोड कुठं आहे?' विचारलंत तर मात्र गाव, मैदान, जायचा रस्ता आणि कुठल्या बैलावर डोळा ठेवायचा हेही सांगितलं जाईल, तेसुद्धा दोन-तीन जणांकडून एकदम.

जोड हवी, तरी बिनजोड

बिनजोड म्हणजे दोनच छकड्यांची शर्यत. ठाणे-रायगड पट्ट्यातला हा लाडका प्रकार. शब्द तालमीतला आहे: ज्याच्या तोडीचा गडी सापडत नाही तो पैलवान बिनजोड. गंमत अशी की जोड नसलेल्याचं हे विशेषण ज्या शर्यतीला चिकटलं, ती जोड मिळाल्याशिवाय सुटतच नाही. एकानं म्हणायचं, आमच्या बैलाला तोड नाही. दुसऱ्यानं म्हणायचं, मग ही घे.

मुरबाडहून माळशेज घाट चढून जुन्नरात उतरलात की नियमच बदलतात. तिकडे घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एका वेळी एकच बारी सुटते, पुढे घोडी धावते आणि निकाल सेकंदांवर लागतो. म्हणजे बैलांचा प्रतिस्पर्धी कोण, तर घड्याळ! सातारा-सांगलीकडे बऱ्याच गाड्या एकदम सुटतात. तिथं गट, सेमी, फायनल असा क्रिकेटसारखा थाट. समोर एकच वैरी आणि निकाल तिथल्या तिथं, ही मजा घाटाखालची. आमचं मत विचाराल तर खरी शर्यत हीच, पण हे जुन्नरात मोठ्यानं बोलू नये.

बैलांपेक्षा लांब पळाली ती कोर्टातली शर्यत. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलगाडा मालक विरुद्ध प्राणिमित्र, नऊ वर्षं! एवढ्या काळात म्हसाच्या यात्रेत किती बैलांचे दात मोजून झाले असतील. मुरबाड तालुक्यातली ही यात्रा पौष पौर्णिमेला भरते. बैलबाजारासाठी तिचं नाव आहे, आणि थंडी वाजलीच तर घोंगड्याही तिथंच मिळतात.

मग द्वंद्व गेलं कुठं?

व्याकरणात. शब्दाच्या पोटात मुळात भांडण नाहीच. 'द्वि' दोनदा म्हटला की द्वंद्व, म्हणजे नुसती जोडी. थंडी-ऊन, सुख-दुःख ही सगळी द्वंद्वंच. गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण आपल्या विभूती सांगताना समासांमध्ये मी द्वंद्व आहे असं म्हणतो, तेही रणांगणाच्या मधोमध उभं राहून! ज्यांना शाळेत समास सोडवताना घाम फुटला, त्यांनी ही तक्रार आता थेट वर न्यावी.

मराठी व्याकरणात त्याचे तीन प्रकार. आईवडील: इतरेतर. खरेखोटे: वैकल्पिक. आणि चहापाणी: समाहार, म्हणजे उच्चारलेल्या दोन शब्दांखेरीज त्याच जातीचे आणखी पदार्थही त्यात धरायचे. कचेरीत काम अडलेल्या माणसाला हा तिसरा प्रकार मास्तरांनी शिकवावा लागत नाही.

द्वंद्वगीतात तर दोघं प्रेमानं गातात आणि कुणालाही इजा होत नाही. उरलेलं द्वंद्व मालिकांतल्या नायिकांच्या मनात चालू असतं आणि भाग संपेपर्यंत निकाली निघत नाही.

इंग्रजीतल्या 'ड्युएल'चीही अशीच फसगत आहे. लॅटिनमध्ये 'ड्युएलम' म्हणजे साधं युद्ध, 'बेलम'चंच जुनं रूप. दोनासाठीचा 'ड्युओ' त्यात लोकांना नंतर दिसला आणि युद्धाचं दोघांचं युद्ध झालं.

मराठ्यांपायी कलकत्त्यात गोळी

17 ऑगस्ट 1780. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्याच कौन्सिलचा सभासद फिलिप फ्रान्सिस पिस्तुलं घेऊन समोरासमोर उभे राहिले. भांडण जुनं होतं, पण ठिणगी पडली ती मराठ्यांशी चाललेल्या युद्धावरून. हेस्टिंग्जला ते रेटायचं होतं, फ्रान्सिस आडवा येत होता. त्याच युद्धात इकडे कल्याणच्या मुलखात पेशव्यांची फौज आणि कंपनीचे शिपाई भिडत होते. गोळी फ्रान्सिसला लागली. तो वाचला आणि पुढे विलायतेला परतला.

आणि आपली सगळ्यात गाजलेली एकास एक झटापट? 10 नोव्हेंबर 1659, प्रतापगडाचा पायथा. तिला आपण द्वंद्व म्हणत नाही, युद्धही म्हणत नाही. म्हणतो 'भेट'.

पैलवान तेच, घड्याळही तेच

एकास एक लढतीचा शहापूरचा विधानसभा मतदारसंघ हा तर नमुनाच. 2014 मध्ये राष्ट्रवादीचे पांडुरंग बरोरा आणि शिवसेनेचे दौलत दरोडा यांची कुस्ती लागली, बरोरा जिंकले. 2019 मध्ये बरोरा शिवसेनेत गेले, दरोडा राष्ट्रवादीत आले, आणि दरोडा जिंकले. 2024 मध्ये दोघंही राष्ट्रवादीतच, एक अजित पवारांच्या, दुसरे शरद पवारांच्या. पुन्हा दरोडा. थोडक्यात, गडी तेच दोघं, आणि तिन्ही वेळा निवडून आलं घड्याळ.

त्याच वर्षी लोकसभेला भिवंडीत, म्हणजे शहापूर आणि मुरबाड ज्यात येतात त्या मतदारसंघात, सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्यामामा विरुद्ध कपिल पाटील असा सामना होता. पण अपक्ष नीलेश सांबरे दोन लाखांहून जास्त मतं घेऊन गेले. दुरंगी म्हणता म्हणता लढत तिरंगी झाली ती अशी. विजयी बाळ्यामामा.

या सगळ्याच्या बातम्या कुठल्या भाषेत येतात बघा: शड्डू ठोकला, दंड थोपटले, धोबीपछाड, चितपट, अस्मान दाखवलं. युतीची बोलणी लांबली की 'खडाखडी'. पैलवान उभ्यानं एकमेकांचा अंदाज घेतात, ती खडाखडी. आणि आतून ठरवून वरून भांडले की नुरा कुस्ती. हा शब्द नसता तर गावच्या पारावरचं अर्धं राजकीय विश्लेषण अडलं असतं.

तेलाचा घोळ

2019 च्या प्रचारात देवेंद्र फडणवीस म्हणाले होते की आमचे पैलवान तेल लावून तयार आहेत, पण समोर लढायलाच कुणी नाही. शरद पवारांनी कुस्ती पैलवानांशी होते असं सांगत हातवारे केले, ते अजून मोबाईलवर फिरतात. पवार राज्य कुस्तीगीर परिषदेचे अनेक वर्षं अध्यक्ष होते. त्यांना तांत्रिक मुद्दा काढता आला असता. आपल्याकडे तेल जातं ते मालिशीला आणि आखाड्याच्या लाल मातीत, हळद, ताक, लिंबाबरोबर. लढतीला उतरल्यावर उलट माती चोळतात, पकड बसावी म्हणून.

तेलानं निथळणारे पैलवान भिडताना बघायचे तर तुर्कस्तानात एदिर्नेजवळ किर्कपिनारला जावं लागेल. तिथं अंगावर ऑलिव्हचं तेल ओततात आणि चामड्याची घट्ट विजार चढवतात. बाकी सगळंच निसटतं, म्हणून पकडीसाठी समोरच्याच्या विजारीत हात घालायची मुभा असते. विधानसभेच्या आखाड्यातल्यांना एवढा एक नियम कुणी कळवू नये.