तिएनशानचं रानकरंट आपल्या काय कामाचं?

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करू. केकमध्ये घालतात ते बारीक काळे करंट म्हणजे वाळवलेली लहान द्राक्षं. ग्रीसमधल्या कोरिंथ शहरावरून त्यांना हे नाव पडलं आणि पुढे ते एका वेगळ्याच झुडपाच्या फळालाही चिकटलं. आइस्क्रीममधलं ब्लॅककरंट हे दुसरं फळ. ते रायबीस या प्रजातीतलं.

आज आपण बोलणार आहोत ते तिच्याच एका रानटी जातीबद्दल, रायबीस मेयेरीबद्दल. हे नाव कार्ल आंतोन मेयर या वनस्पतिशास्त्रज्ञावरून दिलेलं आहे. १८२६ मध्ये ते कझाक स्टेपमध्ये वनस्पती गोळा करत फिरले होते. तिएनशान पर्वतात, स्प्रूसच्या जंगलात आणि ओढ्याकाठी हे बिनकाट्याचं झुडूप वाढतं. उंची साधारण माणसाएवढी, फळं जांभळट काळी. करंटच्या फळांना किर्गीझ लोक कारागात म्हणतात आणि त्यांचा मुरंबा करतात.

मग हे आपल्या सह्याद्रीत का नाही? कारण या झुडपांना कडक हिवाळा लागतो. कित्येक आठवडे थंडी मिळाली नाही, तर वसंतात कळ्या नीट फुटत नाहीत. बीसुद्धा थंडीत राहिल्यावरच रुजतं.

आता मुख्य मुद्दा. बागेतल्या ब्लॅककरंटला एक सूक्ष्म कोळी त्रास देतो. तो कळ्यांत शिरतो, कळ्या फुगतात, आणि त्याच्यामार्फत विषाणू पसरतो. मग झाड फळच धरत नाही. या कोळ्याला तोंड देण्याची ताकद संशोधकांनी कुठून आणली? गूजबेरी या जवळच्या नातेवाईकाशी संकर करून. म्हणजे पिकाला अडचण आली की मदत नात्यातून येते. कोणत्या रानटी जातीत उद्याचा उपाय दडलाय, हे आधी कळत नाही.

म्हणूनच डोंगरातल्या चराईकडे लक्ष द्यायला हवं. गुरांनी, मेंढ्यांनी दरवर्षी कोवळी रोपं खाल्ली, तर म्हातारी झुडपं उभी दिसतात, पण पुढची पिढी तयार होत नाही. लांबून जंगल हिरवंच दिसतं. गोठवलेलं बी साठवणं चांगलंच, पण साठवलेलं बी बदलत्या हवेशी जुळवून घ्यायला शिकत नाही. ते काम डोंगरातलं झुडूपच करतं. त्यामुळे काही ओढेकाठ चराईपासून राखून ठेवणं हा साधा, पण खरा उपाय आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.