नऊ घरांचं कोडं

क्वांटम मोजणीचा विषय निघाला की एक स्पष्टीकरण हमखास ऐकू येतं: मोजायला गेलं की कणाला धक्का लागतो, म्हणून उत्तर बदलतं. म्हणजे खरं उत्तर कणाजवळ तयार होतंच, आपण ते बिघडवलं! गणितज्ञ सायमन कोचेन आणि अर्न्स्ट श्पेकर यांनी १९६७ साली या समजुतीच्या मुळावरच घाव घातला.

पेरेस आणि मर्मिन या भौतिकशास्त्रज्ञांच्या मांडणीतून ते छान कळतं. तीन बाय तीनची चौकट घ्या. प्रत्येक घरात एक मोजणी, उत्तर +१ किंवा −१. एकाच आडव्या ओळीतल्या किंवा एकाच उभ्या रांगेतल्या तीन मोजण्या एकमेकींच्या आड येत नाहीत. क्वांटम सिद्धांतानुसार प्रत्येक आडव्या ओळीचा गुणाकार +१ येतो; पहिल्या दोन उभ्या रांगांचाही +१, तिसरीचा मात्र −१. आता पेन्सिल घेऊन घरं भरून पाहा. भरताच येत नाहीत, कारण त्याच नऊ आकड्यांचा गुणाकार ओळींनी +१ आणि रांगांनी −१ यायला हवा. उत्तरं आधीच ठरलेली असतील, तर ती सोबतच्या मोजण्यांप्रमाणे बदलावी लागतील. हीच संदर्भसापेक्षता.

ही केवळ कागदावरची करामत नाही. इन्सब्रुकमध्ये २००९ साली कॅल्शियमच्या दोन आयनांवर हेच तपासलं गेलं. सहाही गुणाकारांची बेरीज केली (तिसऱ्या रांगेचा वजा करून), तर आधी ठरलेल्या उत्तरांना ४ ही मर्यादा होती, प्रयोगात ५.४६ पर्यंत आकडा आला. यासाठी दोन कण गुंतलेले असायलाच हवेत, हाही गैरसमज: व्हिएन्नात २०११ साली एकेकट्या फोटॉनवरही संदर्भसापेक्षता दाखवणारा प्रयोग यशस्वी झाला.

कॅल्शियमचे ते दोन आयन एकसारखे होते. आता ‘एकसारखे कण’ म्हणजे जुळी भावंडं, नीट पाहिलं तर ओळखू येतील, असंही वाटतं. पण हाँग, ओऊ आणि मँडेल यांच्या १९८७ च्या प्रयोगाने दाखवलं, की दोन एकसारखे फोटॉन अर्धपारदर्शक आरशावर एकाच क्षणी दोन बाजूंनी आले, तर ते जोडीनेच एका बाजूने बाहेर पडतात. एकाला उशीर झाला की ही जोडी फुटू शकते, कारण आता त्यांच्यात फरक करता येतो.

इन्सब्रुकसारख्या प्रयोगात सापळ्यात धरलेले आयन जागेवरून ओळखता येतात, पण तिथे वेगळीच अडचण. दोघे एकाच रंगाच्या प्रकाशाला प्रतिसाद देतात. एकाचं उत्तर प्रकाशाने वाचताना शेजाऱ्यालाही धक्का लागू शकतो, आणि पहिलाच आक्षेप परत दारात उभा राहतो! म्हणून २०२२ मध्ये बीजिंगच्या त्सिंघुआ विद्यापीठातल्या गटाने मुद्दाम वेगळे कण निवडले: यटर्बियम आणि बेरियम. पहिला सुमारे ३७० नॅनोमीटरच्या प्रकाशाने वाचला जातो, दुसरा ४९३ च्या. एकाच्या प्रकाशाचा दुसऱ्यावर परिणाम जवळपास शून्य. आधी ठरलेल्या उत्तरांना तिथे जी मर्यादा होती, ती तरीही ओलांडली गेली.