मोसमी पावसाचा शोध

विदर्भातील यवतमाळ जिल्हा हा कापसाचा मुलूख म्हणून प्रसिद्ध आहे. वर्धा आणि पैनगंगा ह्या दोन नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या ह्या प्रदेशात काळ्या मातीची विस्तीर्ण शेते आहेत. परंतु त्यांतील बहुतेक शेते कोरडवाहू असून त्यांचा सारा भरवसा आकाशातून पडणाऱ्या पाण्यावर असतो. मे महिन्यात येथील जमीन तव्यासारखी तापते आणि तिला भेगा पडतात. शेतकरी वखरणी करून रान तयार ठेवतो व मृग नक्षत्राची वाट पाहतो. पहिला चांगला पाऊस झाला की तो सरकी मातीत घालतो. चार-सहा दिवसांत इवलेसे कोंभ वर येतात. पण एखाद्या वर्षी अशा वेळी आकाश एकाएकी निरभ्र होते. आठवडा जातो, दोन आठवडे जातात. पावसाचा थेंबही पडत नाही. कोवळी रोपे माना टाकतात आणि शेतकऱ्यावर दुबार पेरणीचे संकट कोसळते. बियाणे पुन्हा विकत घ्यावे लागते. त्यासाठी पुन्हा कर्ज काढावे लागते. आणि हंगामाचे गेलेले दिवस तर कोणत्याही किमतीला परत मिळत नाहीत.

आलेला पाऊस कोठून आला आणि मध्येच नाहीसा झाला तो कोठे गेला? हा प्रश्न यवतमाळच्या बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा आहे, तसाच तो शास्त्रज्ञाचाही आहे. ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात एका मराठी विदुषीने आपले सारे आयुष्य वेचले. त्यांचे नाव सुलोचना गाडगीळ.

सुलोचनाबाईंचा जन्म 7 जून 1944 रोजी, ऐन मृगाच्या तोंडावर, पुणे येथे फाटक घराण्यात झाला. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या शाळेत व पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. 1965 मध्ये त्या व त्यांचे पती, निसर्गशास्त्रज्ञ माधव गाडगीळ, उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. तेथे गणिताच्या साहाय्याने सागरी प्रवाहांचा अभ्यास करून सुलोचनाबाईंनी 1970 मध्ये डॉक्टरची पदवी मिळविली. परदेशात राहून संशोधन करणे त्यांना अवघड नव्हते. परंतु दोघांनीही मायदेशी परतण्याचा निश्चय केला होता. आणि 1971 मध्ये ते परत आले. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत दोन वर्षे काम केल्यावर, 1973 मध्ये सुलोचनाबाई बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाल्या. तेथे वातावरण आणि महासागर ह्यांच्या अभ्यासाचे केंद्र उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

संशोधनासाठी त्यांनी निवडलेला विषय होता मोसमी पाऊस. हा विषय काही नवा नव्हता. एडमंड हॅली ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1686 मध्येच मोसमी वाऱ्यांचे कारण सांगितले होते. उन्हाळ्यात जमीन लवकर तापते आणि समुद्र सावकाश तापतो. तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर जाते व तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे वाहत येतात. समुद्रकाठी रोज दुपारी जो खारा वारा सुटतो, त्याचेच हे प्रचंड रूप होय, असे हे मत होते. ते समजण्यास सोपे असल्यामुळे शाळांच्या पुस्तकांतूनही वर्षानुवर्षे सांगितले जात असे.

सोपे उत्तर मिळाले की मनुष्य सहसा पुढे विचार करीत नाही. खरा शास्त्रज्ञ मात्र ते उत्तर अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहतो. जमीन सर्वांत अधिक तापते ती मे महिन्यात. मग मुसळधार पाऊस मे महिन्यातच का पडत नाही? जुलैमध्ये पावसाने भिजून जमीन थंड होते. तरी पाऊस का थांबत नाही? ज्या वर्षी अवर्षण पडते, त्या वर्षी तर जमीन नेहमीपेक्षा अधिक तापलेली असते. उष्णतेनेच पाऊस ओढून आणला असता, तर अवर्षणाच्या वर्षी सर्वांत अधिक पाऊस पडावयास हवा होता! जॉर्ज सिम्प्सन ह्या हवामानशास्त्रज्ञाने 1921 मध्येच अशा शंका मांडल्या होत्या. परंतु जुने मत रूढच राहिले. सुलोचनाबाईंनी त्या शंका बाजूस सारल्या नाहीत. त्यांनी त्यांचा पाठपुरावा केला.

त्या सुमारास पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कृत्रिम उपग्रहांकडून ढगांची छायाचित्रे मिळू लागली होती. पुण्याचे हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का ह्यांच्यासह सुलोचनाबाईंनी 1973 ते 1977 ह्या पाच वर्षांतील एप्रिल ते ऑक्टोबर ह्या महिन्यांची छायाचित्रे अभ्यासासाठी घेतली. भारत आणि त्याच्या दक्षिणेचा हिंदी महासागर ह्यांवर सर्वांत दाट ढग कोठे आहेत, ह्याची नोंद त्यांनी दिवसामागून दिवस केली. काम चिकाटीचे होते; पण त्यातून जे चित्र उभे राहिले ते अपूर्व होते.

पृथ्वीच्या मध्यावर, विषुववृत्ताच्या आसपास, ढगांचा एक लांबच लांब पट्टा असतो. उत्तरेकडून व दक्षिणेकडून येणारे वारे ह्या पट्ट्यात एकमेकांस मिळतात, हवा वर चढते, बाष्पाचे ढग होतात आणि पाऊस पडतो. सूर्य उत्तरेकडे सरकला की हा पट्टाही त्याच्या मागोमाग उत्तरेकडे सरकतो. आपल्याकडे तो हिंदी महासागर सोडून थेट भारताच्या भूमीवर येतो. आपला पावसाळा म्हणजे ह्याच मेघपट्ट्याचा भारतावरील मुक्काम होय, असे सिक्का व सुलोचनाबाई ह्यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. जमिनीच्या उष्णतेला काहीच महत्त्व नाही, असा ह्याचा अर्थ नव्हे. ती मेघपट्ट्याला उत्तरेकडे येण्यास अनुकूल स्थिती निर्माण करते. परंतु पाऊस देतो तो मेघपट्टा.

ह्याच छायाचित्रांतून पावसातील खंडाचेही कारण उलगडू लागले. पावसाळ्यात मेघपट्ट्याची दोन ठाणी असतात. एक भारताच्या भूमीवर आणि दुसरे विषुववृत्ताजवळील उबदार समुद्रावर. भूमीवरील पट्टा आपल्या बळावर महिनाभराहून अधिक काळ टिकू शकत नाही. दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने समुद्रावरून ढगांची नवी फळी उत्तरेकडे येते व त्याला नवे बळ देते. ही कुमक वेळेवर पोहोचली नाही, तर भूमीवरील पाऊस ओसरतो आणि उघडीप पडते. यवतमाळच्या शेतात माना टाकणारी रोपे अशा वेळी शेकडो कोस दूर असलेल्या समुद्राकडूनच जणू मदतीची वाट पाहत असतात!

मग सुलोचनाबाईंनी समुद्राकडे लक्ष वळविले. 1984 मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, समुद्राच्या पृष्ठभागाचे तपमान सुमारे 28 अंश सेल्सिअसच्या वर गेले म्हणजे त्यावर उंच व दाट ढग बनण्याचा संभव एकदम वाढतो. त्याहून थंड समुद्रावर असे ढग क्वचितच बनतात.

शास्त्रालाही कधीकधी ठेच लागते. प्रशांत महासागराच्या पूर्वेकडील व मधल्या भागातील पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले, म्हणजे त्या स्थितीस एल निनो म्हणतात. आणि एल निनोच्या वर्षी भारतात बहुधा पाऊस कमी पडतो, असा अनुभव आहे. पण 1997 मध्ये अतिशय प्रबळ एल निनो असूनही भारतात पुरेसा पाऊस पडला. उलट 2002 मध्ये एल निनो तितका प्रबळ नसताना जुलै महिन्यात देशभरात नेहमीच्या निम्माच पाऊस पडला, आणि ह्या अवर्षणाची पूर्वसूचना कोणासही देता आली नाही. सुलोचनाबाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या कोड्याचा विचार करून 2004 मध्ये त्याचे एक उत्तर मांडले. विषुववृत्ताजवळील हिंदी महासागरात ढगांचा तराजू कधी आफ्रिकेकडे झुकतो, तर कधी सुमात्रा बेटाकडे. तो पश्चिमेस, आफ्रिकेकडे झुकला तर भारतातील पावसास बळ मिळते. पूर्वेस झुकला तर पावसास ओहोटी लागते. म्हणून केवळ दूरच्या प्रशांत महासागराकडे पाहून भागत नाही. आपल्या दाराशी असलेला हिंदी महासागरही वाचावा लागतो.

ही विद्या ग्रंथालयातच पडून राहावी, असे सुलोचनाबाईंना वाटत नव्हते. त्या कर्नाटकातील पावगडा तालुक्यात, कोरडवाहू शेती करणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये गेल्या. तेथे पूर्वी नाना प्रकारची पिके घेतली जात, आणि कोणते पीक केव्हा पेरावे ह्याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते. पुढे भुईमुगाचे पीक सर्वत्र पसरले. ह्या नव्या पिकासंबंधी वाडवडिलांचे ज्ञान पुरे पडेना. तेव्हा सुलोचनाबाई व त्यांचे सहकारी ह्यांनी अनेक दशकांच्या पावसाच्या नोंदी तपासल्या. पेरणी कोणत्या आठवड्यात केली असता पिकाच्या नाजूक अवस्थेत कोरड पडण्याचा धोका कमी राहील, ह्याचे त्यांनी गणित मांडले. शेतकऱ्याला केवळ उपदेश करून चालत नाही. त्याच्यापुढे कोणते पेच आहेत हे आधी त्याच्याकडूनच समजून घेतले पाहिजे, ही त्यांची रीत होती.

पावसाचा परिणाम केवळ शेतापुरता राहत नाही, हेही त्यांनी आपले गणितज्ञ पुत्र सिद्धार्थ ह्यांच्यासह 2006 मध्ये आकड्यांनी सिद्ध केले. कारखाने व व्यापार कितीही वाढले, तरी तीव्र अवर्षणामुळे देशाच्या वार्षिक उत्पन्नात शेकडा 2 ते 5 इतकी घट होते, असे त्यांना आढळले.

त्याच वर्षी त्यांच्याच केंद्रातील शास्त्रज्ञ भूपेंद्रनाथ गोस्वामी व त्यांचे सहकारी ह्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट उजेडात आणली. त्यांनी मध्य भारताच्या 1951 ते 2000 ह्या पन्नास वर्षांतील पावसाच्या नोंदी तपासल्या. यवतमाळ जिल्हाही ह्याच भूभागात येतो. हंगामातील एकूण पावसात फारसा फरक पडलेला दिसला नाही. परंतु अतिवृष्टीचे प्रसंग वाढले होते आणि मध्यम, संथ पावसाचे प्रसंग घटले होते. कोळसा व खनिज तेल ह्यांच्या ज्वलनातून निघणाऱ्या वायूंमुळे पृथ्वीचे वातावरण तापत आहे. हवा एक अंशाने तापली की ती शेकडा सुमारे 7 इतके अधिक बाष्प धारण करू शकते. म्हणून बरसतो तेव्हा पाऊस अधिक जोराने बरसतो. वर्षाच्या बेरजेत पाऊस पुरेसा दिसला, तरी तो एकाच दिवशी कोसळून माती वाहून नेऊ लागला, तर पिकाला त्याचा काय उपयोग? हवामानाचा पालट समजून घ्यावयाचा तर केवळ बेरीज पाहून चालत नाही. पाऊस कसा व केव्हा पडतो, हेही पाहावे लागते.

24 जुलै 2025 रोजी, ऐन पावसाळ्यात, सुलोचनाबाईंचे निधन झाले. पावसाची सर्व कोडी सुटली असे त्यांनी कधी मानले नाही. यवतमाळच्या अमुक शेतात अमुक दिवशी पाऊस पडेल, असे कित्येक महिने आधी सांगणे आजही कोणास शक्य नाही. परंतु पाऊस ही आकाशाची लहर नसून त्यामागे नियम आहेत, ते नियम समुद्र, वारा आणि ढग ह्यांच्या नोंदींतून वाचता येतात, हे त्यांनी आपल्या कार्याने दाखवून दिले. आज शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोजच्या पावसाची बिनचूक नोंद करणारा विद्यार्थीही ह्याच कामास हातभार लावीत असतो. मृगाच्या वेळी बांधावर उभा राहून ढगांकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती पेरणीची योग्य वेळ देता यावी, ह्याहून विद्येचे मोठे सार्थक ते कोणते?