भिंतीवरची काळी बुरशी
ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यातली हसनाळ, रावणगाव ही गावं पाण्याखाली गेली. पूर ओसरला तरी भिंतीतली ओल राहतेच, आणि एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. वर्गात आपण शिळ्या भाकरीवर दाखवतो, तसलीच. नांदेड-लातूरकडं बरेच जण ती कोरडीच खरवडतात अन् वरून रंग मारतात. खरवडली की बीजाणू घरभर उडतात; डाग तर रंगाखालून परत येतोच.

आधी गळती थांबवा. मग मास्क, हातमोजे घालून, खिडक्या उघडून साबणाच्या पाण्यानं घासा, पुसा, भिंत पूर्ण वाळू द्या. ब्लीचिंग पावडर अन् संडासाचं ॲसिड एकत्र कधीच नको! त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. दम्याची लेकरं तेवढा वेळ शेजारी पाठवा. पुरात भिजलेली गादी मात्र वाळवत बसू नका, फेकूनच द्या.