पुन्हा लेथपाशी

निवृत्तीनंतर लेथवरचं कापड काढणाऱ्याला पहिली शंका येते ती हातातल्या जोराची. ती मनातून काढून टाकावी. कातकामात लाकूड मोटर फिरवते आणि कापते ती धार. आपण हत्यार नीट टेकवायचं.

सुरुवात उंचीपासून करा. लेथचा मध्य आपल्या कोपराच्या पातळीला हवा. वाकून काम करणं साठीनंतरच्या कंबरेला झेपत नाही. लेथची उंची कमी पडत असेल, तर पायांखाली भक्कम ठोकळे बोल्टने आवळा.

मग धार. पडून राहिलेल्या गोलचीच्या (गोल धारेच्या पटाशीच्या) धारेमागचा उतार काळ्या मार्करने रंगवा आणि ती ग्राइंडरला हलकेच लावा. शाई सगळीकडून सारखी गेली, तर कोन बरोबर. नुसती टोकाशी गेली, तर कोन बदलून पुन्हा बघा.

पहिलं काम लाटण्याचं घ्यावं. दोन इंची चौकोनी, सुकलेला शिसवी तुकडा घ्या. दोन्ही टोकांना कर्ण आखून मध्य काढा, लेथवर आवळा आणि मोटर लावण्याआधी हाताने एक फेरा देऊन कुठे अडकत नाही ना ते पाहा. चौकोनाचा गोल होईपर्यंत मिनिटाला ८०० ते १००० फेरे पुरेत. पुढे वेग वाढवता येतो.

आता खरी मेख. गोलचीच्या उताराची मागची बाजू, म्हणजे टाच, आधी फिरत्या लाकडावर टेकवा. काहीच कापलं जाणार नाही. मग मूठ सावकाश उचला. धार लाकडाला भिडली की लांब कुरळी ढलपी सुटते आणि खडखडाट जाऊन एकसारखा सरसर आवाज येतो. भुसा उडत असेल, तर हत्यार कापत नाही, खरवडतं आहे. जोर लावू नका, कोन बदला. निमुळत्या भागावर नेहमी जाडीकडून बारीक भागाकडे यायचं. उलट गेलात तर तंतू उखडतात.

डोळ्यांना चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी ढाल हवी. शिसव आणि सागाच्या धुळीची अनेकांना ॲलर्जी होते, त्यामुळे मास्कही हवा. सैल बाह्या आणि हातमोजे मुळीच नकोत. पॉलिश पेपर लावताना हत्यार टेकवायची पट्टी बाजूला काढा.

सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाखेची झळाळी पाहून तसं करावंसं वाटेल. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली, की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते. भोवऱ्यावर ती जरूर करून पाहा. रोज पीठ-पाणी लागणारं लाटणं मात्र कोरंच ठेवा.