कंपनी एक, ओळखी दोन

दोन विभागांत खटके उडू लागले, की व्यवस्थापन माणसांचे स्वभावदोष शोधते किंवा पगाराचे कोष्टक उघडते. भांडणाचे मूळ मात्र पुष्कळदा ‘आपण कोण’ या प्रश्नात असते.

२००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले. कागदावर कंपनी एक झाली. वैमानिकांच्या संघटना, वेतनरचना आणि पदोन्नतीच्या वाटा वेगळ्याच राहिल्या. २०११ मध्ये पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला. मे २०१२ मध्ये मूळच्या एअर इंडियाचे वैमानिक संपावर गेले, ते सुमारे दोन महिने. त्यांचा प्रमुख आक्षेप होता, नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण ‘त्यांना’ही देण्याला.

मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधील शाळकरी मुलांचे, चित्रांच्या आवडीसारख्या क्षुल्लक निकषावर, दोन गट पाडले होते. मोबदला वाटताना मुले आपल्या गटाला झुकते माप देत. इतकेच नव्हे, तर दुसऱ्या गटापेक्षा वरचढ राहण्यासाठी आपल्या गटाला थोडे कमी मिळालेलेही चालवून घेत! येथे तर प्रश्न चित्रांचा नव्हता. मोठे विमान मिळणे म्हणजे हुद्दा, वेतन आणि प्रतिष्ठा. त्यामुळे सहकाऱ्याला मिळालेली संधी ही आपली हानी वाटणे स्वाभाविकच होते.

कर्मचाऱ्यांच्या एकत्रीकरणाचा विचार करण्यासाठी न्या. धर्माधिकारी समिती नेमली गेली ती २०११ मध्ये. विलीनीकरणानंतर तब्बल चार वर्षांनी.